बाकी तीन

“हात जरा वर करा, मॅडम,” शिंपी म्हणाला, आणि तिने हात वर केले.

स्टाफरूममध्ये त्या वेळी पाच जण होते. खिडकीजवळ विभागप्रमुख, त्यांच्या शेजारी तोंडी परीक्षेसाठी बाहेरून आलेले पाहुणे प्राध्यापक, लांब टेबलाशी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडत बसलेले दोन तरुण सहकारी, आणि बेसिनपाशी कप विसळणाऱ्या भूगोलाच्या मॅडम. शिंप्याने खिशातून पिवळी टेप काढली, तिच्या मागे जाऊन एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत ती हलकेच ताणली आणि आकडा मोठ्याने म्हटला. साडेचौदा. मग बाही. मग पाठीची लांबी. प्रत्येक आकडा तो एका चारघडी कागदाच्या कोपऱ्यावर शिसपेन्सिलीने टिपत होता. छाती-कंबरेची मापं त्याने घेतली नाहीत.

“ती आहेत माझ्याकडे,” तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं तरी.

गळ्याचं माप घेताना तो जवळ आला. त्याच्या कपड्यांना इस्त्रीच्या वाफेचा वास होता.

“पाच मिळाला, ठकू,” ओठ फारसे न हलवता तो पुटपुटला. “एकोणीस हजार एकशे सत्तेचाळीसला.”

“नंतर,” ती म्हणाली.

ठकू हे तिचं घरचं नाव होतं, आणि शिंपी तिचे वडील होते.

पाच मिनिटांपूर्वी ते दारात येऊन उभे राहिले होते. हातात कापडी पिशवी, अंगात स्वतः शिवलेला पांढरा सदरा, केस पाणी लावून बसवलेले. तिला या कॉलेजात लागून चौदा वर्षं झाली होती आणि ते पहिल्यांदाच तिथे येत होते. विभागप्रमुखांनी मान वर करून, कोण हवंय, असं विचारलं. वडील तिचं घरचं नाव उच्चारायच्या बेतात होते, किंवा तिला तसं वाटलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “माझे शिंपी आहेत.”

हे तिने ठरवून म्हटलं नव्हतं. पण ते इतकं तयार, इतकं बेतलेलं निघालं की कित्येक वर्षं आत घडी घालून ठेवलेलं असावं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कोणीतरी घरच्यांची चौकशी केली होती, तेव्हा वडील कापडाच्या व्यवसायात आहेत, असं तिने सांगितलं होतं. तसं ते खोटं नव्हतं. पुढे बोलण्या-बोलण्यात त्या व्यवसायाला कोणी दुकान जोडलं, कोणी गोदाम. एकदा विभागप्रमुखांनी पडद्यांच्या कापडाचा घाऊक भाव विचारला आणि तिने तोही सांगून टाकला. वडिलांचा गाळा आठ फूट रुंद होता.

‘माझे शिंपी’ ऐकल्यावर वडिलांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग खोलीतल्या सगळ्यांकडे पाहून ते हसले, अदबीने, गिऱ्हाइकाकडे हसतात तसे, आणि त्यांचा हात टेप काढायला खिशाकडे गेला.

मापं झाल्यावर त्यांनी कागद खिशात घातला. दारापर्यंत गेले आणि थबकले.

“आज तासाभराचा वेळ मिळेल का, मॅडम?”

“आज नाही जमणार,” ती उत्तरपत्रिकांकडे बघत म्हणाली.

“बरं. कापड घेतो मग मी.”

ते गेल्यावर पाहुणे प्राध्यापक म्हणाले की असे घरी-दारी येऊन माप घेणारे शिंपी हल्ली राहिलेत कुठे. सगळ्यांनी होकार भरला. तिनेही.

*

पाच मिळाला म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त तिलाच कळलं होतं.

ती तेरा वर्षांची असताना शाळेत गणिताच्या सरांनी एक खेळ घातला होता. कुठलीही संख्या घ्यायची. एकापासून सुरू करून, ती संख्या जितकी तितक्या वेळा दुप्पट करत जायचं. दुप्पट केलेला आकडा मूळ संख्येएवढा किंवा तिच्यापुढे गेला की मूळ संख्या वजा करायची. शेवटी हातात काय उरतं ते लिहायचं. सात घेतला तर दोन, चार, मग आठातून सात गेले एक. पुन्हा दोन, चार, एक. आणि सातव्या खेपेला दोन. म्हणजे साताची बाकी दोन.

संध्याकाळी गिऱ्हाइकांची वर्दळ संपल्यावर बाप-लेकीने कापायच्या टेबलावर खडूने एकापासून पन्नासपर्यंत सगळ्या बाक्या काढल्या. शून्य, शून्य, दोन, शून्य, दोन, चार, दोन, शून्य, आठ, चार. अशी ती रांग वेडीवाकडी पुढे जात होती. वडिलांची शाळा आठवीला सुटली होती, पण पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आलं की दोन सोडला तर, जिला कशानेच भाग जात नाही अशा संख्येची बाकी दोनच येते. तिच्या लक्षात आलं ते वेगळंच. एक कधीच उरत नव्हता, त्याचं कारण सरांनी सांगितलं होतं. सात पंचविसाला भेटला होता. तीन मात्र कुठेच नव्हता. पाचही नव्हता, पण तिचं लक्ष तिनाने वेधून घेतलं. एवढा लहान आकडा, आणि कुठेच नाही.

“असेल पुढे कुठेतरी,” वडील म्हणाले होते. “बघू.”

आठवड्याभरात तिचा खेळ संपला. वडिलांचा संपला नाही. जेवणानंतरचा अर्धा तास, दुपारच्या सुस्तीत गिऱ्हाईक नसेल तेव्हाची पंधरा मिनिटं, त्यांनी त्याला दिली. तीन हवा असेल तर सम संख्या तपासायला नकोत, तिनाच्या पटीतल्याही नकोत, हे त्यांचं त्यांनीच शोधलं. हजारो वेळा दुप्पट करत बसायची गरज नाही, निम्म्यापर्यंत जाऊन वर्ग केला की पुढचा सगळा रस्ता वाचतो, हे कळायला त्यांना चार वर्षं लागली. ती तेव्हा शिकायला बाहेर होती. घरामागून थेट बाजारात उतरणारी वाट सापडावी तशा आवाजात त्यांनी तिला ते फोनवर सांगितलं.

“हो बाबा,” ती म्हणाली होती. “पुस्तकात असतं ते.”

पुस्तकात पुढचंही होतं. दुसऱ्या वर्षाला असताना ग्रंथालयातल्या एका जाड ग्रंथाच्या तळटिपेत तिला तिनाचा पत्ता सापडला. चारशे सत्तर कोटींच्या घरातली संख्या. ती वाचून तिला हसू आलं होतं. सुट्टीत गेल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. सुट्टीत वडील बसथांब्यावर घ्यायला आले, आणि तिची बॅग हातात घ्यायच्या आधी म्हणाले, “साडेपाच हजार ओलांडले.” तेव्हा तिने सांगितलं नाही. त्यानंतर सांगायला कधी वेळ नव्हता, कधी मूड नव्हता. न सांगण्याला ती पुढे दया म्हणू लागली. एका वर्षी तिने हाच खेळ विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकाला दिला. संगणकाने पाच पापणी लवायच्या आत काढून दिला, तीन दुसऱ्या दिवशी. एकोणीस हजार एकशे सत्तेचाळीस हा आकडा तेव्हापासून तिच्या वहीत होता.

स्टाफरूममधल्या त्या प्रसंगानंतर तिने चौथ्या दिवशी फोन केला. वडील पाचाबद्दल काही बोलले नाहीत. पाऊसपाणी, घरभाडं, शेजारच्या घड्याळवाल्याच्या गुडघ्याचं दुखणं, एवढं बोलून झालं. पंधरा दिवसांनी कागदात गुंडाळलेला कोट आला. गडद निळा, आतून राखी अस्तर. खांद्यावर असा बसला की तो अंगात आहे हे विसरायला व्हावं. मापं सगळ्यांदेखत घेतलेली, त्यामुळे तो घालून कॉलेजात जाणं भाग होतं. भूगोलाच्या मॅडमनी कॉलर उलटून टाके पाहिले आणि शिंप्याचा पत्ता मागितला.

“दुकान बंद केलं त्यांनी,” ती म्हणाली. “मुलाकडे राहायला गेले.”

वडिलांना मुलगा नव्हता.

*

तीन वर्षांनी घड्याळवाल्याचा फोन आला. वडिलांच्या गाळ्याला लागूनच त्याची टपरी होती आणि लहानपणापासून ती त्याला काका म्हणत आली होती. तो इकडचं तिकडचं काही बोलला नाही. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या, असं तो म्हणाला. गिऱ्हाइकाने आरडाओरडा केला, वडिलांनी कापडाचे पैसे भरून दिले. पण फोन त्यासाठी नव्हता. गेलं दीड वर्ष तो रोज सकाळी दहा सुया ओवून वडिलांच्या टाचण्या-सुयांच्या उशीत टोचून ठेवत होता. आता त्यांना उशीतली सुईही दिसत नव्हती. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती त्यांनी, पण त्याला राहवेना.

शनिवारी दुपारी ती गाळ्यात शिरली तेव्हा वडील टेबलावर पसरलेल्या कापडावरून तळहात फिरवत होते. कडेला आल्यावर त्यांची बोटं थांबायची, कडेवरून चालत जायची, कोपऱ्यावर वळायची. पायांचा आवाज ऐकून त्यांनी मान उचलली आणि तिच्या जरा उजवीकडे बघत हसले.

“या, बसा. काय शिवायचंय?”

ती टेबलाच्या आणखी जवळ गेली.

त्यांचं हसू जरा बदललं. “ठकू?”

सोमवारी ती त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. वडिलांनीच पत्ता सांगितला. पूर्वी एकदा दाखवलं होतं म्हणाले. दवाखाना तिच्या कॉलेजपासून दोन थांब्यांवर होता. त्या इमारतीवरून ती रोज जात असे. डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या, सावकाश बोलणाऱ्या. वडिलांना यंत्राला हनुवटी टेकवायला लावून त्यांनी दोन्ही डोळे तपासले, पुन्हा तपासले, आणि मग खालच्या खणातून जुनं कार्ड शोधून काढलं.

काचबिंदू आहे, त्यांनी सांगितलं. डोळ्यातला दाब वाढत जातो, दुखत नाही, आणि दृष्टी कडेकडेने विझत येते. उजवा डोळा गेल्यात जमा आहे. डाव्यात थोडं शिल्लक आहे, ते छोट्या शस्त्रक्रियेने आणि रोजच्या थेंबांनी राखता येईल. गेलेलं परत येणार नाही.

“तुम्ही तीन वर्षांपूर्वी आला होतात तेव्हाच दाब फार होता,” त्या वडिलांना म्हणाल्या. “शस्त्रक्रिया त्याच दिवशी करून घेऊ म्हटलं होतं मी. फक्त घरचं माणूस बरोबर हवं होतं.” त्यांनी कार्ड उलटलं. पाठीमागची नोंद वाचताना त्यांचा आवाज खाली आला. “मुलगी जवळच कॉलेजात शिकवते, तासाभरात घेऊन येतो, असं सांगून गेलात. दीड वाजेपर्यंत वाट पाहिल्याचं लिहिलंय इथे.”

कार्ड त्यांच्या हातात होतं, पण वरची तारीख तिला समोरून, उलटी, दिसली. तोंडी परीक्षेचा दिवस.

“माणसं होती तेव्हा तिच्याकडे,” वडील म्हणाले. “कामात होती.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. शस्त्रक्रियेची वेळ लिहिता लिहिता त्या थेंब कधी घालायचे ते सांगत राहिल्या. ती मान हलवत राहिली. नंतर औषधाच्या दुकानात तिला ते सगळं पुन्हा विचारून घ्यावं लागलं.

*

बसमध्ये ती वडिलांना खिडकीशी बसवून शेजारी बसली. काय बोलायचं ते मनाशी जुळवत होती. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘मला’ने होत होती, आणि तिथेच ते तिला नकोसं होत होतं. वडील मात्र सहज होते. कुठल्या वळणावर बस किती कलते यावरून कुठे आलो ते ते ओळखत होते आणि तिला सांगत होते.

गाळ्यात आल्यावर तिने स्टोव्हवर चहा ठेवला. पाठ त्यांच्याकडे होती तेव्हाच बोलता येईल, असं तिला वाटलं.

“बाबा, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर…”

“शिंपी म्हणालीस,” वडील म्हणाले. “मग कोण आहे मी?”

“तसं नाही.”

“तसंच आहे. खोटं काय बोललीस? मला उलट बरं वाटलं, तू ‘आहेत’ म्हणालीस. गिऱ्हाइकं ‘आहे’ म्हणतात.” त्यांनी चाचपत कप घेतला. “आणि डोळ्यांचं म्हणशील, तर ते माझ्या हातात होतं. हा घड्याळवाला आला असता बरोबर. मीच गेलो नाही. भीती वाटली. त्याचा भार तू घेऊ नकोस.”

तिने चहा गाळला. त्यांनी तिला इतक्या सरळ हाताने मोकळं केलं होतं की तिला उभं राहायला जागा उरली नाही. रागावले असते, दोन दिवस बोलले नसते, तर ते सोसता आलं असतं.

चहा झाल्यावर वडिलांनी टेबलाखालून वही काढली. मोठ्या चौकटींची, मुलांना अंक गिरवायला देतात तसली. अलीकडच्या पानांवर अक्षर घड्याळवाल्याचं होतं, आणि एका पानावर एकच संख्या मावेल एवढं थोरलं.

“वीस हजार चारशे तेरावर आहोत,” ते म्हणाले. “तो बिचारा लिहितो, पण वजाबाकीत हातचे विसरतो. मग सगळं पहिल्यापासून. आज आलीच आहेस तर बस जरा. मी सांगतो, तू कर.”

त्यांनी पेन्सिल तिच्या दिशेने धरली. ती तिने घेतली. पानावर वरच्या चौकटीत वीस हजार चारशे तेरा लिहिलेलं होतं, खाली सगळं कोरं. यापुढचा कुठलाही तास ती या वहीशी खोटेपणाने बसू शकणार नव्हती. खरं सांगणं त्यांच्या भल्याचं आहे की स्वतःच्या सुटकेचं, हे तिला नीट कळलं नाही. तिने पेन्सिल खाली ठेवली.

“तीन आहे, बाबा. मला ठाऊक आहे कुठे ते.”

वडील पुढे झुकले. “कुठे?”

“चारशे सत्तर कोटी त्रेसष्ट हजार चारशे सत्त्याण्णव.”

त्यांनी ती संख्या पुन्हा सांगायला लावली. मग एकेक अंक वेगळा सांगायला लावला. ती सांगत असताना ते बोटाने टेबलावर प्रत्येक अंक काढत होते, खडू हातात नसताना. दहाही अंक झाल्यावर बराच वेळ त्यांचे ओठ हलत राहिले.

“वर्षाला आठशे धरले,” ते म्हणाले, “तर पन्नास लाख वर्षांच्या वर.” आणि ते हसले, अगदी मनापासून. “मी आपला रोज म्हणतोय, आता आलाच असेल जवळ.”

तिलाही हसू येणार होतं. तेवढ्यात त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी तिच्या आवाजाच्या रोखाने हात पुढे केला.

“तू काढलास?”

इतक्या वर्षांत तिच्या पदव्यांना, नोकरीला, बढतीला त्यांनी हा आवाज लावला नव्हता. हो म्हणावं, असं क्षणभर तिला वाटून गेलं. त्याचीही लाज तिला पुढे वाटायची होती.

“नाही. पुस्तकात होता.”

“अरे वा. कधी वाचलास?”

ती रिकामे कप उचलायला लागली, तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं.

“कॉलेजात असताना,” ती म्हणाली. “दुसऱ्या वर्षाला.”

वडिलांनी पुढे केलेला हात मागे घेतला. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत गेला, पुन्हा पहिल्या बोटावर आला, पुन्हा सरकला. शेजारच्या टपरीत घड्याळवाला कुणाला तरी काच बदलायचा भाव सांगत होता.

“एकवीस वर्षं,” वडील म्हणाले.

“बाबा…”

“आणि पाच?”

तिने मान हलवली. मग त्यांना ते दिसत नाही हे लक्षात येऊन, “तोही,” असं म्हणाली.

वडिलांनी वही चाचपली, मिटली, आणि तिच्या कडा टेबलाच्या कडेला समांतर लावून ठेवल्या. स्टाफरूमबद्दल बोलताना किंवा दवाखान्यात कार्ड वाचलं जात असताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं नव्हतं ते आता दिसत होतं. ते पाहायला नको म्हणून ती शिलाई यंत्राच्या चाकाकडे बघत राहिली.

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं,” ती म्हणाली.

“वाटलं असतं ना. दोन दिवस.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “तिसऱ्या दिवशी मी दुसरं काही शोधायला घेतलं असतं. तेव्हा डोळे होते.”



एक बाई शिवायला टाकलेली पँट न्यायला आल्या. वडिलांनी उठून, हँगरवरचे कपडे एकेक हाताळत, तिसऱ्यालाच बरोबर पँट ओळखून काढली. उंची पाऊण इंच सोडलीय, धुतल्यावर आटेल म्हणून, असं त्यांना समजावून सांगितलं. त्या गेल्यावर ते परत येऊन स्टुलावर बसले. मिटलेल्या वहीवर बोटं फिरवत त्यांनी विचारलं,

“यातलं असं काही आहे का, जे अजून कुणालाच ठाऊक नाही?”

ती बोलायला गेली आणि थांबली. तिने वीस वर्षं हा विषय शिकला होता, शिकवला होता. सिद्ध झालेलं सगळं तिला फळ्यावर मांडता येत होतं. काय सापडायचं राहिलं आहे, हे तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं, आणि तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

“असेल,” ती म्हणाली. “मला बघावं लागेल.”

“बघ,” वडील म्हणाले. त्यांनी टेबलावरची पेन्सिल शोधली, तिचं टोक बोटाने तपासलं आणि ती कानामागे खोचली. “आणि या वेळी सांग.”